परबमावशीचा गोळा

आमच्या मुलुंड पूर्वेच्या भाजीबाजारात रोज संध्याकाळी एक साठी उलटलेली बाई येते. नऊवारी नाही, पाचवारी, तीही कमरेला घट्ट खोचलेली. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि खांद्यावर कापडी पिशवी. भाजीवाल्यासमोर उभी राहिली की ती पिशवीतून पाकीट काढत नाही. ती एक लोखंडी गोळा काढते आणि तो धप्पकन काट्यावर ठेवते.

"चार किलो," ती म्हणते. "सरकारी माप. बघूया तुझो काटो काय बोलता."

काटा बोलतो साडेचार.

मग सुरू होतं. ही बाई म्हणजे आमची परबमावशी. तिच्या म्हणण्यानुसार मुलुंडमधला एकही काटा खरा नाही. इलेक्ट्रॉनिक आले, त्यावर सरकारी शिक्के आले, तरी सगळे लबाड. ज्याच्या काट्यावर तिचा चार किलोचा गोळा साडेचार भरतो, तो गिऱ्हाइकाला किलोमागे किती बुडवत असेल याचा हिशोब ती चार माणसांत मोठ्याने करते. मधल्या रांगेत बसणारा छोटेलाल तिचा मुख्य शत्रू. तो बिचारा हात जोडून म्हणतो, "मौसी, काँटा सही है, गोला बदलो." त्यावर मावशी म्हणते, "मेल्या, तुझ्या बापाक बदलशील काय?" एवढं झालं की ती त्याच्याचकडून मेथीची जुडी घेते आणि घरी जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा गोळा, पुन्हा काटा, पुन्हा साडेचार.

आता हा गोळा कसला, ते सांगायला हवं. पोलीस भरतीला मुलींची जी मैदानी परीक्षा होते त्यात चार किलोचा गोळा फेकायचा असतो. आधी उंची मोजतात, ती भरली तरच पुढे धावणं आणि गोळा. उंची नाही भरली तर मुलीने कितीही रक्त आटवलेलं असो, आल्या पावली परत. मावशी या परीक्षेसाठी मुली तयार करते. मिठागरांच्या बाजूला एक मोकळं मैदान आहे, तिथे उजाडायच्या आत तिची शिट्टी वाजायला लागते. भांडुप, घाटकोपर, अगदी मानखुर्दहून मुली येतात. ती कुणाकडून काही घेत नाही. अट एकच. नव्या मुलीने पहिल्या रात्री गोळा घरी न्यायचा आणि उशाशी घेऊन झोपायचं. "लोखंड परक्या हाताक ओळखणा नाय," असं तिचं शास्त्र आहे.

या शास्त्रामुळे आमच्या वसाहतीत बऱ्याच फरशा फुटल्या आहेत. आमच्या वरच्या मजल्यावरच्या एका मुलीच्या हातून पहाटे गोळा पलंगावरून सुटला, तेव्हा खालच्या घरातला मी अंथरुणात उठून बसलो आणि बायकोला म्हणालो, भूकंप. बायको म्हणाली, भूकंप नाही, भरती आहे.

मावशी स्वतः पोलिसात नव्हती. ती होमगार्ड होती, आणि हे ती न विचारता सांगते. गणपती विसर्जन, मोर्चे, निवडणुका, सगळीकडे दोरी धरून उभी राहिलेली. लग्न केलं नाही. धाकट्या भावंडांची लग्नं लावता लावता स्वतःचं राहून गेलं. भावंडं आता मालवणला आणि कुठे कुठे आहेत. वसाहतीच्या मागच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर तिची एक खोली आहे. खाकी निवृत्त झाली, पण तिच्या मानेतला ताठपणा निवृत्त झाला नाही. कुणी पोक काढून चालताना दिसलं की ती मागून जाऊन पाठीवर दोन बोटं ठेवते. माझ्या पाठीवर तिने इतक्यांदा ठेवली आहेत की शर्टला तिथे खूण पडायची बाकी आहे.

माझं आणि तिचं खरं तर जमायचं कारण नाही. माझं गाद्यांचं दुकान आहे. बाप गाद्या भरायचा, मी भरतो. माझा धंदा लोकांना झोपवण्याचा, तिचा लोकांना उठवण्याचा. मी सकाळी आठच्या आधी डोळे उघडत नाही आणि त्याची मला लाज वाटत नाही. गादीवाला पहाटे उठायला लागला तर गिऱ्हाइकाने कुणाकडे बघून गादी घ्यावी?

पण एक दिवस मावशी दुकानात आली आणि म्हणाली, "सत्या, जिच्यार झोप लागूची नाय अशी गादी दे."

मी म्हटलं, मावशी, दोन पिढ्यांत अशी ऑर्डर आलेली नाही.

गादी सोनलसाठी होती. सोनल म्हणजे मावशीच्या शेजारच्या वाघमाऱ्यांची मुलगी. बाप बसडेपोत मेकॅनिक, आई एका दवाखान्यात मदतनीस. मूळचे जालन्याकडचे. आई-बाप दोघंही दिवसभर कामावर, त्यामुळे सोनल लहानपणापासून अर्धी वाघमाऱ्यांकडे आणि अर्धी मावशीकडे वाढली. आंबोळी जालन्याच्या चटणीबरोबर खाणारी जगातली ती एकमेव मुलगी असावी. संध्याकाळी दोघी दारात बसून भांडायच्या. टीव्हीवरच्या मालिकेवरून, माशाच्या काट्यावरून, कशावरूनही. बाहेरून जाणाऱ्याला वाटायचं, आता केस धरणार. थोड्या वेळाने बघावं तर एक डोक्याला तेल लावतेय आणि दुसरी लावून घेतेय.

सोनल धावायची वाऱ्यासारखी. गोळाही फेकायची. अडचण होती ती उंचीची. ती अगदी काठावर होती. मावशीच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने भरतीच्या उंचीची रेघ मारलेली आहे. सकाळी उठल्या उठल्या सोनल तिथे उभी राहिली तर डोकं रेघेला लागायचं. संध्याकाळी उभी राहिली तर रेघ वर आणि सोनल खाली. मावशी म्हणायची, "आमचा सोनल सकाळी पोलीस आणि सांजचा होमगार्ड."

यात थट्टा कमी आणि तथ्य जास्त होतं. माणूस झोपून उठतो तेव्हा थोडा उंच असतो. दिवसभर उभं राहून, चालून तो दबतो. मला हे पटायला वेळ लागला नाही, कारण गादीचंही तसंच असतं. सोनल याआधी दोनदा भरतीला गेली होती. दोन्ही वेळा गाडीत उभी राहून गेली, मग रांगेत उभी राहिली, आणि दोन्ही वेळा उंचीत बाद झाली. यंदा आईने सांगून टाकलं होतं की हे शेवटचं. नाही झालं तर दवाखान्यात माझ्याबरोबर यायचं आणि पळापळ बंद. सोनलने मान हलवली होती. मावशीनेही मान हलवली होती, आणि मावशी मान हलवून गप्प बसते हे काही चांगलं लक्षण नव्हे.

मी काथ्याची एक टणक, पाठ सरळ ठेवणारी गादी भरली. माझ्या हाताने भरलेली ती सगळ्यात वाईट गादी. सोनल महिनाभर तीवर झोपली आणि रोज सकाळी रेघेला डोकं लावून आली. मग परीक्षेचं पत्र आलं. मैदान अंधेरीकडचं, हजेरी पहाटे. मावशी पुन्हा दुकानात.

"तुझो टेम्पो होयो."

मी विचारलं, कशाला?

"पोरगी उभी जातली तर दबतली. बसान गेली तरी दबतली. ती आडवी जातली."

मी म्हटलं, मावशी, मी आठला उठतो. तर म्हणाली, "तू झोप इकतंस. एक दिवस उठान तरी बघ, गिऱ्हाइकांचो काय हाल होता तो."

तर अशा रीतीने, आयुष्यात पहिल्यांदा, मी सूर्याच्या आधी अंथरूण सोडलं. टेम्पोत खाली दोन मऊ गाद्या, वर ती काथ्याची. सोनलला घरातून तिच्या बापाने आणि मी मिळून उचलूनच आणलं. ती म्हणत होती, काका, चार पावलं चालले तर काय होणार आहे? मावशी म्हणाली, चार पावलांनीच जगात वाट लागते. सोनलच्या आईने बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढचं फूल आणून तिच्या हातात ठेवलं आणि डोळे पुसत मागे सरली.

मावशी टेम्पोत सोनलच्या उशाशी बसली. मांडीवर गोळा. मी शटर ओढणार तेवढ्यात म्हणाली, थांब, गाऱ्हाणं घालायचं राहिलं. आमच्या कोकणात कुठल्याही कामाआधी देवाला मोठ्याने गाऱ्हाणं घालतात आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला होकार देतात. मावशीने डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी पोर परीक्षेक चलली हा. काय वाकडानाकडा असात ता सरळ कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी आणि सोनलचा बाप. वाघमारे गंभीर चेहऱ्याने, अगदी वेळेवर म्हणाले. इतकी वर्षं शेजारी राहून त्यांना ते पाठ झालं होतं.

"हिची उंची एक बोट वाढव आणि मापणाऱ्याची नजर चांगली ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"हिका पास कर आणि..."

इथे मावशी थांबली. आम्ही होकार द्यायला तोंड उघडून उभे. मला वाटलं, म्हातारी शब्द विसरली. मग ती एकदम म्हणाली, "पास कर रे म्हाराजा. बस. चल सत्या, उशीर होता."

पवईच्या अलीकडे नाकाबंदी होती. पहाटेच्या वेळी गाद्यांचा टेम्पो कुठे चाललाय, असा प्रश्न कुठल्याही पोलिसाला पडावा. एका तरण्या शिपायाने मला शटर उघडायला लावलं आणि आत टॉर्च मारला.

त्याला काय दिसलं असेल ते डोळ्यांपुढे आणा. गाद्यांच्या थरावर एक मुलगी हातपाय सरळ करून ताठ पडलेली. हनुवटीपर्यंत पांढरी चादर, छातीवर फूल. उशाशी एक बाई, मांडीवर लोखंडाचा गोळा. मी मनात बायकोला फोन करून वकील शोधायला सांगायला लागलो होतो.

सोनल मान न हलवता, वर छताकडे बघत म्हणाली, "सर, उंचीला चाललेय."

शिपायाने टॉर्च विझवला. त्याचा चेहराच बदलला.

"मी पण जीपमध्ये आडवा पडून आलेलो, साताऱ्याहून," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "दादा, हळू घ्या. पुढे मेट्रोचं काम चालू आहे, खड्डे आहेत. आणि मॅडम, गेटवर गेल्यावर उभ्या राहू नका. नंबर येईपर्यंत पडूनच राहायचं. लाजायचं नाही."

त्याने शटर स्वतःच्या हाताने खाली घेतलं, आवाज होणार नाही इतकं सावकाश. निघताना आरशात बघितलं तर तो अजून तिथेच उभा होता.

मैदानाच्या गेटवर पोहोचलो आणि माझं पहाटे उठणं सार्थकी लागलं. फुटपाथभर मुली आडव्या पडल्या होत्या. वर्तमानपत्रांवर, ओढण्यांवर, सतरंज्यांवर. ज्यांना पुढे जीव तोडून धावायचं होतं त्या सगळ्या आकाशाकडे तोंड करून गप्प पडून होत्या, आणि त्यांचे आईबाप बाजूला उभे राहून डास हाकलत होते. आमची गादी उतरली तेव्हा सगळ्यांनी माना वळवून पाहिलं. एका मुलीच्या वडिलांनी मला बाजूला घेऊन भाव विचारला. धंद्याचं गणित कुठे उलगडेल, सांगता येत नाही.

सोनलचा नंबर पुकारला. ती उठली, आत गेली. घरच्यांना आत सोडत नाहीत. मावशी फुटपाथवर त्या गादीवर बसून राहिली, मांडीवरचा गोळा दोन्ही तळव्यांत फिरवत. मी चहा आणला, तो तिने हातात घेतला आणि तसाच गार केला. आत गेलेल्या मुलींपैकी काही थोड्याच वेळात रडत बाहेर येत होत्या. त्यांची उंची भरली नव्हती. दर वेळी गेट उघडलं की मावशी मान वळवायची नाही, पण फिरणारा गोळा थांबायचा.

सोनल त्यांच्यात नव्हती. ऊन चांगलं चढल्यावर ती बाहेर आली, धुळीने माखलेली, आणि मावशीच्या गळ्यात पडली. उंची बसली होती. धावणं झकास झालं होतं. आणि गोळा?

"मावशी, तिथला गोळा हातात घेतला तर हलकाच लागला. मला वाटलं, चुकून दुसराच दिला. असा गेला ना लांब, की टेप धरणारे सर माझ्याकडे बघतच राहिले."

मी मावशीकडे बघितलं. मावशीने पदराने सोनलचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "गोळोच खोटो असतलो तेंचो."

छोटेलालचा काटा खोटा, पोलीस खात्याचा गोळा खोटा. त्या क्षणी माझ्या डोक्यात काहीतरी हललं, पण घाई होती, झोप अनावर होती आणि मी फार विचार करणाऱ्यांतला नाही.

पुढे लेखी झाली, यादी लागली आणि सोनल पास झाली. वाघमाऱ्यांनी अख्ख्या वसाहतीला पेढे वाटले. मावशीने दोन मागून घेतले. महिन्याभरात सोनल प्रशिक्षणाला लांब गेली. तिला सोडायला आम्ही सगळे स्टेशनवर गेलो. मावशी आली नाही. गुडघा दुखतो म्हणाली. ज्या बाईने आयुष्यभर पाऊस-उन्हात बंदोबस्त केला तिचा गुडघा नेमका त्या दिवशी दुखावा, हे मला खटकलं होतं.

त्यानंतर एका संध्याकाळी माझ्या दुकानासमोर छोटेलाल येऊन उभा राहिला. ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी धंदा सोडून आलेला. म्हणाला, "सेठ, मौसी दो-तीन दिन से आयी नहीं. बीमार है क्या?" मी म्हटलं, बरं झालं ना, तुझी कटकट गेली. तो काही हसला नाही. हातातली मेथीची जुडी माझ्या गल्ल्यावर ठेवून म्हणाला, "ये उनको दे देना. और बोलना, काँटा चेक करने कौन आयेगा?"

मी मेथी घेऊन गेलो. मावशीचं दार उघडंच होतं. दिवेलागण झालेली आणि घरात दिवा नाही. ती त्या काथ्याच्या गादीवर उताणी पडली होती. मी काळजीने विचारलं, बरं नाही का?

"उंची वाढवतंय," ती म्हणाली.

मी दिवा लावला. गोळा कोपऱ्यात पुसून ठेवलेला होता. मनात होतं ते बोललो. म्हटलं, मावशी, गोळा खरंच जड आहे. सोनल त्या दिवशी बोलली तेव्हाच मला संशय आला होता. चल माझ्या दुकानात, कापसाच्या काट्यावर टाकून बघू.

ती उठून बसली. "तुका आता कळला? माका पयल्या दिवसापासून ठावक आसा."

मग तिने सांगितलं. तिचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर ते भांडुपच्या एका ओतकामाच्या कारखान्यात लागले. ही पोलीस भरतीला जायचं म्हणाली, तेव्हा विकतचा गोळा परवडणारा नव्हता. वडिलांनी उरलेल्या लोखंडातून अंदाजाने ओतला. तो जड झाला. "मी बाबांका म्हटलंय, जड झालो. तर म्हणाले, असूंदे बाय. बाईमाणसाक जगात थोडा जास्तच उचलूचा लागता. सवय झाली की थयलो हलको लागतलो." भरतीच्या दिवशी ती दुपारपर्यंत रांगेत उभी राहिली आणि उंचीत बाद झाली. गोळ्यापर्यंत तिची वेळ कधी आलीच नाही. तिच्या बापाचा हिशोब बरोबर होता की नाही, ते तिला तिने तयार केलेल्या मुलींकडूनच कळत आलं.

मी म्हटलं, मग त्या छोटेलालचा काटा खरा आहे.

"खरो आसा."

"मग रोज त्याच्याशी भांडतेस कशाला?"

तिने कोपऱ्यातला गोळा जवळ ओढला.

"भाजी घेवन पैसे दिले की तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघता, सत्या. भांडलंय की धा मिन्टां माझ्याचकडे बघता." मग म्हणाली, "पोरी येतत, शिकतत, पास होतत आणि जातत. जावकच होयत. पण घरात भांडूक सोनल होती. त्या दिवशी गाऱ्हाण्यात मधीच थांबलंय, आठवता? हिका पास कर म्हणतंय आणि मनात इला, ही पास झाली तर मी सांजचा कोणाशी भांडू? देवाक काय मागूचा ताच कळाना. पण पोरगी आडवी पडान माझ्याकडे बघी होती. मगे मागलंय."

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं आम्ही सगळे बाजारात तिच्या भांडणांवर हसत होतो, आणि आमच्यापैकी एकालाही, भाजीवाला सोडून, हे कळलं नव्हतं. मी मेथीची जुडी पुढे केली आणि छोटेलालचा निरोप सांगितला.

"काय म्हणालो मेलो? काटो कोण बघतलो?" ती जुडी उलटसुलट करून बघायला लागली. "पिकलेली मेथी दिल्यान. बघ ह्या. मी बाजारात नाय ता बघून."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कापूस तोलत होतो. दुकानात पांढरे बूट आले. पिशवीतून गोळा निघाला आणि धप्पकन माझ्या काट्यावर बसला. माझा काटा बापाच्या वेळचा आहे, दर वर्षी शिक्का मारून घेतलेला. तो साडेचारवर जाऊन थांबला.

मावशीने माझ्याकडे बघितलं. मी घसा खाकरला आणि जितकं वाईट बोलता येईल तितकं वाईट बोललो.

"मावशी, माझा काटा खरा आहे. गोळा बदल तुझा."

"तुझो काटो खरो?" मावशीने स्टूल पुढे ओढलं आणि पाठ ताठ करून त्यावर बसली. "तुझ्या बापाच्या वेळेपासूनच खोटो हा तो. माका नको शिकवू."

मी हातातला कापूस बाजूला ठेवला आणि दोन चहा सांगितले.